थांबलेला डीव्हीडी ड्राइव्ह आणि एकेचाळीस तबकड्या

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात माझ्या पूर्वीच्या शाळेतून निरोप आला, की १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी मी केलेल्या जुन्या मुलाखतींतील काही भाग हवे आहेत. परभणी जिल्ह्यातील त्या माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवत असे. २००६ ते २०१० या काळात रविवार आणि सुट्ट्या वापरून, हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या किंवा तो काळ गावात राहून पाहिलेल्या वृद्ध माणसांच्या मुलाखती मी चित्रित केल्या होत्या. त्या ४१ डीव्हीडी तबकड्यांवर साठवलेल्या होत्या. निरोप आला त्याच संध्याकाळी पेटी काढली, पहिली तबकडी पुसली, संगणक सुरू केला आणि पाहतो तर पडद्यावर ड्राइव्हचे चिन्हच नव्हते. पुढचा ट्रे बटण दाबल्यावर उघडत होता, दिवाही क्षणभर लागत होता, परंतु संगणकाच्या लेखी असा ड्राइव्ह अस्तित्वातच नव्हता.

मला त्या रात्री झोप लागली नाही, याचे कारण सांगायला हवे. १९४८ साली अठरा-वीस वर्षांची असलेली ही माणसे मुलाखतीच्या वेळी ऐंशीच्या घरात होती आणि आज त्यांतील बहुतेक हयात नाहीत. चित्रीकरण मी टेपवर करत असे, ते एका स्टुडिओतून डीव्हीडीवर उतरवून घेत असे, आणि टेप महाग पडत असल्यामुळे तीच पुन्हा पुढच्या मुलाखतीसाठी वापरत असे. त्यामुळे तबकडी हीच एकमेव प्रत होती. या सर्वांची दुसरी प्रत करून ठेवायची, असे मी दर उन्हाळ्याच्या सुटीत ठरवत आलो आणि ते दर वर्षी राहून गेले.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या दुकानात चौकशी केली. ड्राइव्ह न पाहताच, तो टाकून द्या आणि बाहेरून जोडायचा नवा घ्या, असा सल्ला मिळाला. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही तेच म्हणाला, "सर, आता सीडी कोण वापरायलंय? नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच येत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. तरीही दोष ड्राइव्हमध्ये आहे, संगणकात आहे की तबकड्यांमध्ये आहे, हे कळल्याशिवाय काही विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले. हा निर्णय किती योग्य होता ते पुढे दिसले, कारण त्या दिवशी नवा ड्राइव्ह आणून जोडला असता तर बहुधा तोही दिसला नसता, आणि मग संगणकच गेला अशी माझी समजूत झाली असती.

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक प्रयोग तारीख-वेळेसह लिहायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम लिहायचा, मगच पुढची बदलायची. शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाचे शिक्षक मुलांना जे शिकवत, तेच मी साठीनंतर संगणकापुढे बसून करत होतो.

पहिली गोष्ट केली ती वायरींची, आणि येथे माझा क्रम चुकला, कारण याहून सोपी तपासणी आधी करता आली असती. वीज बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटची बाजू उघडली. परभणीच्या काळ्या मातीचा फुफाटा उन्हाळाभर घरात येतो आणि तो पंख्यावर, वायरींवर, सर्किटवर मऊ थरासारखा बसलेला होता. तो ब्रशने काढला. ड्राइव्हला मागे दोन जोडण्या असतात, सात स्पर्शबिंदूंची अरुंद वायर माहितीसाठी आणि पंधरा स्पर्शबिंदूंची रुंद वायर विजेसाठी. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवल्या, मग हार्ड डिस्कची चालू असलेली वायर ड्राइव्हला लावून पाहिली, मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवरील, दुसऱ्या जागेत खोचून पाहिली. काहीच फरक पडला नाही.

मग बायोस पाहिला. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबत राहिले की विंडोज सुरू होण्याच्या आधीचा जो निळा-करडा पडदा येतो, त्यात मदरबोर्डला काय काय जोडलेले आहे याची यादी असते. त्या यादीत हार्ड डिस्कच्या खाली माझ्या ड्राइव्हचे नाव आणि क्रमांक स्वच्छ दिसत होता. वहीत मी ही ओळ दोनदा अधोरेखित केली आहे. ड्राइव्हला वीज मिळते आहे, त्याचे सर्किट जिवंत आहे आणि मदरबोर्डशी त्याचे बोलणे होते आहे, एवढे त्या एका ओळीने सिद्ध केले होते. ज्यांचा ड्राइव्ह असा एकाएकी नाहीसा होतो, त्यांनी पेचकस हातात घेण्याआधी हा पडदा पाहावा, असे मी मनापासून सांगेन. दोन मिनिटांचे काम आहे आणि अर्धा शोध तेथेच संपतो.

खात्री करण्यासाठी आणखी एक पायरी केली. शेजारच्या त्या विद्यार्थ्याने मला पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, घालून दिली होती. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता संगणक थेट त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. तसा सुरू केल्यावर ड्राइव्ह तेथे दिसला. तोच संगणक, तोच ड्राइव्ह, त्याच वायरी, आणि बदललेली फक्त प्रणाली. दोष माझ्या विंडोजच्या आत आहे, याबद्दल आता शंका उरली नाही.

विंडोजमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला. डीव्हीडी ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता आणि गुणधर्मांच्या चौकटीत १९ हा सांकेतिक क्रमांक होता. सोबतच्या मजकुराचा अर्थ असा, की रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या सर्व मांडणीच्या नोंदी जेथे ठेवते तेथील, या उपकरणाची नोंद अपुरी किंवा खराब झालेली असल्याने ते सुरू करता येत नाही. उपकरणाची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू केला, म्हणजे विंडोज ते नव्याने ओळखते. ओळखले, पण त्रिकोण पुन्हा तेथेच.

शोधताना जे कारण सापडले ते मला समजून घ्यायला दोन दिवस लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये होणारी देवाणघेवाण थेट होत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो, आणि तबकडी लिहिण्याची काही सॉफ्टवेअर त्या दुभाष्याच्या वर किंवा खाली आपली स्वतःची माणसे उभी करतात. त्यांना फिल्टर म्हणतात. बांधकामावर विटा हातोहात वर पोचवल्या जातात, तशी ही साखळी असते. वरच्या बाजूच्या माणसांची यादी रजिस्ट्रीत 'अप्परफिल्टर्स' या नोंदीत आणि खालच्या बाजूच्यांची 'लोअरफिल्टर्स' या नोंदीत असते. आता एखादे सॉफ्टवेअर काढून टाकताना त्याची फाईल गेली, परंतु यादीतले नाव मात्र राहिले, तर विंडोज त्या नावाच्या माणसाला शोधते, तो सापडत नाही, आणि वीट तेथेच अडते. ही यादी एका ड्राइव्हपुरती नसते, सीडी-डीव्हीडी या संपूर्ण वर्गाची असते. म्हणूनच नवा ड्राइव्ह जोडला असता तरी तो त्याच साखळीत अडकला असता.

वहीत मागे गेलो नाही, कारण तोपर्यंत वहीच नव्हती, पण आठवले. जुलैमध्ये संगणक हळू चालतो म्हणून मी बरीच जुनी सॉफ्टवेअर काढून टाकली होती आणि त्यांत तबकडी लिहिण्याचे एक जुने सॉफ्टवेअर होते. त्यानंतर एकदाही ड्राइव्ह वापरला नव्हता, त्यामुळे बिघाड महिनाभर लक्षातच आला नाही.

रजिस्ट्री ही जपून हाताळायची गोष्ट आहे, कारण तेथे चुकीची नोंद पुसली तर विंडोज सुरू होणेच बंद होऊ शकते. म्हणून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढली. रजिस्ट्री दाखवणारे रेगएडिट हे साधन उघडून 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास' अशा पायऱ्या उतरत गेलो. तेथे कंसातील लांबलचक क्रमांकांचे अनेक विभाग असतात. त्यांतला '४डी३६ई९६५' ने सुरू होणारा विभाग सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा असतो. शेजारीच अगदी तसेच दिसणारे, एका अक्षराने वेगळे विभाग असतात आणि त्यांत डिस्क किंवा कळफलकाचे फिल्टर असतात, जे पुसले तर मोठी अडचण होते. म्हणून मी आकडा अक्षर-अक्षर मोठ्याने वाचून पडताळला आणि उजव्या बाजूला 'सीडीरॉम' हे वर्गाचे नाव आहे याची खात्री करून घेतली. त्या विभागाची प्रत 'एक्स्पोर्ट' करून डेस्कटॉपवर ठेवली. आत दोन्ही नोंदी होत्या आणि अप्परफिल्टर्समध्ये त्या काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरचे नाव तसेच बसलेले होते. दोन्ही नोंदी पुसल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला.

ड्राइव्हचे चिन्ह परत आले. मी पत्नीला हाक मारून दाखवले.

तबकडी घातली. ती फिरली, दिवा लुकलुकला, पुन्हा फिरली, थांबली, आणि पडद्यावर सूचना आली की कृपया ड्राइव्हमध्ये तबकडी घाला. दुसरी घातली, तिसरी घातली, तेच. तबकड्याच मेल्या, ही भीती त्या वेळी जितकी वाटली तितकी आधी एकदाही वाटली नव्हती. चौदा-पंधरा वर्षे त्या लोखंडी कपाटात होत्या आणि परभणीचा मे महिना बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो. लिहिण्यायोग्य तबकडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर लेझरने जाळून लिहिलेली असते, आणि उष्णता व ऊन यांनी तो रंग उतरत जातो, हे मला माहीत होते.

पण वहीची शिस्त कामी आली. मी घरातून चार प्रकारच्या तबकड्या गोळा केल्या. एक बाजारात विकत घेतलेली अभंगांची सीडी, एक घरी लिहिलेली सीडी, एक विकत घेतलेली डीव्हीडी आणि एक माझी मुलाखतीची डीव्हीडी. विकतची सीडी लगेच वाचली गेली. घरी लिहिलेली सीडी जरा उशिराने वाचली गेली. विकतची डीव्हीडी तीनदा घातल्यावर एकदा दिसली आणि मध्येच अडखळली. मुलाखतीची अजिबात नाही.

या क्रमामागे अर्थ आहे. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. सीडीवरील सर्पिल रेघेच्या दोन वळणांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते, तर डीव्हीडीवर ते ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यामुळे भिंग किंचित मळले तरी त्याचा फटका आधी डीव्हीडीला बसतो. त्यातही कारखान्यात ठसा मारून बनवलेल्या तबकडीपेक्षा घरी लिहिलेली तबकडी प्रकाश कमी परत करते, म्हणून ती सर्वांत शेवटी वाचली जाते. माझ्या चारही तबकड्या नेमक्या याच क्रमाने कमजोर पडत होत्या. सर्वच तबकड्या मेल्या असत्या तर विकतची डीव्हीडी का अडखळावी? भिंग मळले आहे, असा तर्क मी वहीत लिहिला.

भिंग स्वच्छ करण्यासाठी ड्राइव्ह बाहेर काढला. बाजारात छोटे ब्रश लावलेली साफसफाईची तबकडी मिळते, पण चिकट थर ती काढू शकत नाही आणि वेगाने फिरताना भिंगाला धक्का बसू शकतो, म्हणून मी ती घेतली नाही. ड्राइव्हच्या दर्शनी भागावर टाचणी जाईल एवढे छिद्र असते. वीज बंद असताना त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप हळूच आत दाबली की ट्रे थोडा बाहेर येतो, मग तो हाताने ओढता येतो. खालच्या बाजूचे चार स्क्रू काढून पत्रा उघडला. मध्ये तबकडी फिरवणारी मोटार, तिच्या शेजारी दोन दांड्यांवर सरकणारी गाडी आणि त्या गाडीवर मसुरीच्या दाण्याएवढे निळसर झाक असलेले भिंग दिसते. टॉर्च तिरपी धरली तेव्हा भिंगावर पिवळट, तेलकट पापुद्रा स्पष्ट दिसला. ही धूळ नव्हती. आमचा संगणक ज्या खोलीत आहे त्याच खोलीत देवघर आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती व धूप लागतो. कॅबिनेटच्या पंख्याने तोच धूर वर्षानुवर्षे ड्राइव्हमधून ओढून घेतला होता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. कापसाच्या काडीला एक थेंब लावून, भिंगाला केवळ टेकवत, मध्यातून बाहेर अशी दोनदा फिरवली आणि कोरड्या काडीने टिपून घेतले. भिंग नाजूक तारांवर तरंगत असते, त्यावर जोर दिला तर ते कायमचे वाकडे होते. भिंगाजवळ एक बारीक स्क्रूसारखा पोटेन्शिओमीटर, म्हणजे विद्युतप्रवाह कमी-जास्त करणारा भाग, असतो. तो फिरवून लेझर 'वाढवण्याचा' उपाय काही जण सांगतात. मी तो केला नाही आणि कोणी करू नये, कारण वाढलेल्या विद्युतप्रवाहाने लेझर काही दिवस तेज चालतो आणि मग कायमचा जातो. उघड्या ड्राइव्हला वीज देऊन भिंगात डोकावणे तर डोळ्यांच्या दृष्टीने धोक्याचेच.

सर्व जोडून पुन्हा मुलाखतीची तबकडी घातली. पडद्यावर फाइली दिसल्या. पहिल्या मुलाखतीतले आजोबा, अंगणातल्या बाजेवर बसलेले, हैदराबाद संस्थानावरील १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आधीच्या पावसाळ्याबद्दल बोलू लागले. मी वीस मिनिटे काहीही न करता ऐकत बसलो.

त्या दिवशी अकरा तबकड्या उतरवून झाल्या. बाराव्याच्या वेळी ट्रे उघडेना. बटण दाबले की आतून मोटारीची घरघर ऐकू येई आणि ट्रे जागचा हलत नसे. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो झटक्याने बाहेर येई. कधी ट्रे आत जाई पण तबकडी फिरताना खरखर आवाज करी आणि वाचली जात नसे. विचित्र म्हणजे आत तबकडी असली की ट्रे त्यातल्या त्यात बरा उघडे आणि रिकामा असला की हटून बसे.

याचे उत्तर मला नांदेडला मिळाले. पूर्णामार्गे रेल्वेने नांदेडला जाऊन, वजिराबादच्या बाजूला एका जुन्या टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्यांकडे मी तो ड्राइव्ह नेला. टेपच्या कामामुळे त्यांना रबरी पट्ट्यांची सवय होती. त्यांनी ड्राइव्ह कानाशी धरून बटण दाबले आणि म्हणाले, "मोटार फिरायलीय सर, पट्टा घसरायलाय." ट्रेच्या खाली, पुढच्या बाजूला, करंगळीच्या टोकावर बसेल एवढा रबरी पट्टा असतो. तो छोट्या मोटारीकडून दातेरी चाकांकडे गती नेतो. मला जे माहीत नव्हते ते त्यांनी दाखवले. हाच पट्टा ट्रे सरकवतो आणि ट्रे आत गेल्यावर तोच मोटार-भिंगाची संपूर्ण पाटी वर उचलतो, म्हणजे तबकडी खालच्या चाकती आणि वरच्या चुंबकाच्या टोपीत घट्ट धरली जाते. पट्टा सैल पडला की पाटी पुरती वर येत नाही, तबकडी नीट धरली जात नाही आणि ती खरखरते. रिकाम्या ट्रेचे कोडेही सुटले. आत तबकडी असली तर चुंबकाची टोपी आणि चाकती यांच्यात तिची जाडी येते. ती नसली की चुंबक थेट चिकटतो आणि थकलेल्या पट्ट्याला ती पकड सोडवत नाही.

पट्टा बाहेर काढल्यावर तो चपटा, चकचकीत आणि अंडाकृती होऊन राहिला होता. त्या मापाचा नवा पट्टा त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हता. त्यांनी जुना पट्टा उकळते पाणी घातलेल्या पेल्यात काही मिनिटे ठेवला, पुसून कोरडा केला, मोटारीची कप्पी अल्कोहोलने पुसली आणि परत बसवला. रबर थोडे आवळते आणि खरखरीत होते, पण हे तात्पुरतेच आहे, एवढ्यात काम उरकून घ्या, असे त्यांनी बजावले. पैसे घेतले नाहीत. त्या तबकड्यांवर काय आहे हे मी सांगितले होते आणि त्यांच्या वडिलांच्या पिढीने तो काळ पाहिलेला होता. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांत एक जुळणारा सापडला होता. तो मी जाऊन आणला, आणि एक जादाही घेऊन ठेवला.

गणेशोत्सवापर्यंत ३८ तबकड्या पूर्ण उतरवून झाल्या आणि शाळेला हवे ते भाग १७ सप्टेंबरच्या आत पोचले. उरलेल्या तिघींनी मात्र मला दिवाळीपर्यंत गुंतवून ठेवले.

त्यांतल्या दोघींवर मी स्वतःच गोल कागदी लेबल चिकटवले होते, नाव-गाव-तारीख सुवाच्य अक्षरात लिहून. तो कागद एका बाजूने फुगला होता. वेगाने फिरताना असा कागद तबकडीचा तोल बिघडवतो आणि ती थरथरते. ओढून काढला असता तर तबकडीला इजा होण्याची भीती होती, म्हणून तो तसाच ठेवला. वाचण्याची बाजू मऊ सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेघेवरच लांबपर्यंत पडतो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्तीची व्यवस्था तेथे हरते, तर आडवा ओरखडा तिला सहज भरून काढता येतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय सुचवला गेला होता, तो मी एका टाकाऊ सीडीवर करून पाहिला आणि तेथेच सोडून दिला.

विंडोजमधून साधी नक्कल करताना एका खराब जागेवर संगणक तासभर अडून बसे आणि शेवटी सगळेच सोडून देई. येथे लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन उपयोगी पडले. ते तबकडीच्या २०४८ बाइटांच्या एकेका तुकड्याचा हिशेब ठेवते. वाचता येतील ते तुकडे आधी उचलते, अडलेले मागे ठेवते आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. कोणता तुकडा मिळाला आणि कोणता राहिला याची ते एका फाइलीत नोंद ठेवत असल्यामुळे काम मध्येच थांबवता येते आणि, हे सर्वांत मोलाचे, तेच काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे नेता येते. दोन ड्राइव्हची नजर कधी सारखी नसते. सेलूच्या एका सहकारी शिक्षकांकडून त्यांचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. माझ्या ड्राइव्हने सोडलेले तुकडे त्याने उचलले. पहिली तबकडी अशा रीतीने दोन ड्राइव्हनी मिळून पूर्ण केली.

दुसऱ्या तबकडीत चार रात्री प्रयत्न करूनही सहा हजारांवर तुकडे मिळाले नाहीत. चित्रात ते सुमारे अकरा सेकंद भरतात. हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांच्यामधली सीमा पैनगंगा होती, आणि ती आजी रात्री पैनगंगा ओलांडून निरोप नेल्याची हकिगत सांगत असताना, "पाणी गळ्याला लागलं तवा" येथे पडदा चौकोनांनी भरतो. चित्र सावरते तेव्हा त्या पलीकडच्या काठावर पोचलेल्या असतात. माझी त्या दिवशीची टिपणवही सापडली. तिच्यात त्या ठिकाणी एक नाव आहे, ज्याने त्यांचा हात धरला त्याचे. फाइलीसोबत मी ते वहीचे पान छायाचित्र काढून जोडले आहे आणि मजकूर ध्वनिचित्रातला नाही, टिपणातला आहे, असे स्पष्ट लिहिले आहे.

सर्व फाइली आता दोन हार्ड डिस्कवर आहेत. एक माझ्याकडे, एक शाळेत. तबकड्या लोखंडी कपाटातून काढून आतल्या, उन्हाची भिंत नसलेल्या खोलीत, उभ्या ठेवल्या आहेत. संगणक देवघराच्या खोलीतून हलवला आहे.

एक्केचाळिसावी तबकडी अजून राहिली आहे. ती आठ सेंटिमीटरची लहान डीव्हीडी आहे, २००९ मध्ये एका मित्राच्या, थेट तबकडीवर लिहिणाऱ्या कॅमेऱ्यातून घेतलेली, अर्ध्या तासाची. दोन्ही ड्राइव्ह तिला कोरी म्हणतात. पण उजेडात तिरपी धरली की मधल्या भागात गडद रंगाचे वलय दिसते, म्हणजे तेथे काहीतरी लिहिलेले आहे. अशा कॅमेऱ्यात चित्रीकरण झाल्यावर तबकडी 'फायनलाइझ' करावी लागते, म्हणजे तिच्यावरची अनुक्रमणिका बंद करून द्यावी लागते, नाहीतर दुसरे यंत्र तिला ओळखत नाही. त्या दिवशी घाईत ते राहून गेले असावे. मित्राचा कॅमेरा केव्हाच विकला गेला. जिंतूरच्या एका छायाचित्रकारांकडे त्याच कंपनीचा, त्याच काळातला कॅमेरा बंद पेटीत पडून आहे, असे मागच्या आठवड्यात कळले. चार्जर चालू आहे की नाही ते त्यांना सांगता आले नाही. येत्या रविवारी तबकडी आणि मल्टिमीटर घेऊन मी तिकडे जाणार आहे.